गुलालाच्या रेघा

ट्रॉलीत माझ्या पायाशी गुलालाचं पोतं होतं. उसाच्या गाड्यांनी रस्त्याची पार चाळण केली होती, त्यामुळं ट्रॅक्टर हेलकावे खात होता आणि माझा पाय सारखा त्या पोत्याला लागत होता.

"पाय आवर गं," आत्या म्हणाल्या. "गुलाल हाय त्यो. पायाखाली घ्यायचा न्हाई, डोक्यावर घ्यायचा."

"अजून जिंकलो कुठं हाय?" मागनं सोनाबाई म्हणाली. "पोतं मातूर आधीच भरून निघालोय."

आत्यांनी वळून ड्रायव्हरला हाक मारली. "ट्रॅक्टर थांबव रं. सोनाला हितंच उतरायचंय."

सगळी ट्रॉली हसली. सोनाबाईसुद्धा हसली, पण नाथवडं येईपर्यंत तिनं पुन्हा तोंड उघडलं नाही.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, गोजराबाई. आमच्या भागात सासूला आत्या म्हणायची रीत आहे. अंगानं किरकोळ, पण कबड्डीचा सामना आहे म्हटलं की तापातून उठून बसायची बाई. मला बघायला आल्या तेव्हा इतर बायका स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, असलं विचारत होत्या. आत्यांचा प्रश्न एकच. "रंगरावची भैन ना तू? त्यो कोपऱ्यातनं घोटं धरतो त्यो?" मी मान हलवली आणि लग्न ठरलं. भावाला घरात आणता येत नाही म्हणून बहीण आणली, असं आमचे हे पुढं कितीतरी वर्षं चिडवायचे.

आता अडचण बघा. माझं माहेर नाथवडं. मोठं गाव, बाजारपेठ, हायस्कूल, रेणुकेची जत्रा, आणि जत्रेत कबड्डीचे सामने. कप दरवर्षी नाथवड्याच्याच तालमीत राहायचा. तो दुसऱ्या गावाला गेलेला माझ्या पिढीनं पाहिलाच नव्हता. आणि माझं सासर शेंडूरवाडी. चाळीस-पन्नास उंबरे, एक मारुतीचं देऊळ, एक मैदान. निम्मी पोरं इचलकरंजीला कापडाच्या मागावर कामाला. शनिवारी रात्री एसटीनं यायची, रविवारी सराव करून परत जायची. ती वाडी त्या वर्षी पहिल्यांदा फायनलला आली होती, आणि समोर नाथवडं होतं. तिकडं कोपऱ्यात माझा भाऊ. इकडं पहिली चढाई करायला माझा नवरा. माझ्या लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं.

ट्रॉलीत सगळे माझ्याकडं बघून न बघितल्यासारखं करत होते. शेवटी आत्यांनीच विषय काढला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा काढला.

"आज नाथवडेकरणीला कुणी काय बोलायचं न्हाई," त्या म्हणाल्या. मला त्या नाथवडेकरीणच म्हणायच्या. "हिचा भाऊ तिकडं, नवरा हिकडं. भावाचं काय काय इचारून हिला कुणी भंडावायचं न्हाई. माहेर ते माहेर. आणि हिनं दम न्हाई धरला तरी चालंल."

ते शेवटचं वाक्य मला फार लागलं. का लागलं ते कळायला आमच्या वाडीची रीत सांगायला हवी.

बाकीच्या गावांची माणसं सामन्याला हलगी आणतात, ताशा आणतात, घसा बसेपर्यंत ओरडतात. आमची वाडी गप्प बसायची. आपला गडी मध्यरेषा ओलांडून 'कबड्डी कबड्डी' म्हणत पलीकडं गेला, की वाडीतलं झाडून सगळं माणूस श्वास रोखायचं. त्याचा दम तो आपला दम. तो परत आला की सोडायचा. पंचांना त्याचा आवाज स्वच्छ ऐकू यावा म्हणून कुणीतरी कधीकाळी सुरू केलं असेल, पण पुढं ती श्रद्धाच झाली. म्हाताऱ्यांचे डोळे पांढरे व्हायचे, बायकांच्या गालांचे फुगे व्हायचे, पण मधेच कुणी श्वास घ्यायचा नाही. एकदा ऐन चढाईत सोनाबाईला शिंक आली आणि आमचा गडी धरला गेला, तर आत्यांनी तिच्याशी दिवाळीपर्यंत अबोला धरला होता. नाथवड्यात आम्ही लहानपणी या लोकांना मुक्यांची वाडी म्हणायचो.

आणि त्या वाडीत मला सूट मिळाली होती. दम न्हाई धरला तरी चालंल. मांडवात पाहुण्याला खुर्ची देतात तशी. पाहुण्याला कुणी काम सांगत नाही, आणि त्याच्यावाचून काही अडतही नाही. मला कुणीतरी विचारावं असं वाटत होतं. तुझा भाऊ कसा खेळतो, काय करतो, सांग की. आत्यांनी नाही विचारलं. ह्यांनीही नाही. आदल्या दिवशी चपला दुरुस्त करत बसले होते, मी मुद्दाम समोर जाऊन बसले, तरी नाही.

आणि मला तर सगळं ठाऊक होतं. दादाला पहाटे सरावाला कुणी मिळायचं नाही म्हणून तो मला उठवायचा. अंगणात राखेनं रेघ ओढायची, मी चढाई करायची, त्यानं धरायचं. माझे घोटे बारमाही हिरवेनिळे. आई ओरडायची, "पोरीचं पाय मोडशील, मग ठेव तिला जल्मभर घरात." दादा हसायचा. त्यानं मला इतक्या वेळा धरलं होतं, की तो कधी झेप घेणार हे त्याच्याआधी मला कळायचं.

नाथवड्यात उतरलो तर देवळामागचं मैदान माणसांनी भरलं होतं. आमच्या बायका एका अंगाला बसल्या. समोरच्या बाजूला माझ्या माहेरच्या बायका, त्यांत आई. आईनं हातानं खूण केली, इकडं ये. मी पदर सारखा केला आणि आत्यांच्या शेजारी बसले. आत्यांनी ते बघितलं.

सामना सुरू झाला. आणि पहिल्या डावात आमचं काय झालं ते सांगायलासुद्धा नको वाटतं. ह्यांची चढाई आमच्याकडं सगळ्यात चांगली. उंच, काटक माणूस, पाय लांब. पण दादा कोपऱ्यात दबा धरून बसायचा आणि हे वळले की खाली झेपावून घोटा धरायचा. एकदा धरलं. परत धरलं. तिसऱ्यांदा धरलं तेव्हा नाथवड्याच्या हलगीवाल्यानं नाचायलाच सुरुवात केली. प्रत्येक वेळी आमच्या बायकांचा रोखलेला श्वास एकदम बाहेर पडायचा, आणि तो आवाज मला ऐकवायचा नाही. मीही दम धरत होते. कुणी बघत नव्हतं, पण धरत होते.

मध्यंतराला आमच्यावर चांगला सहा-सात गुणांचा बोजा होता. आमचे गडी एका बाजूला मातीत बसले होते. दौलूआण्णा म्हणजे आमच्या संघाचे कर्तेधर्ते, गुलालाचं पोतं त्यांनीच आणलेलं, ते डोक्याला हात लावून बसले होते. पोरांना पाणी न्यायचंही त्यांच्या ध्यानात नव्हतं.

मी कळशी उचलली.

"पाणी देऊन येते," मी म्हटलं.

आत्यांनी माझ्याकडं बघितलं. मग मान वळवली आणि समोर मैदानाकडं बघत राहिल्या.

नवी सून सगळ्या जत्रेसमोर मैदानात कळशी घेऊन चाललेली, सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. ह्यांच्या ओंजळीत पाणी ओतता ओतता मी खाली बघूनच बोलले.

"दादा झेप घ्यायच्या आधी उजवा हात मांडीला पुसतो. दर वेळी. हात पुसला की तो खाली येणारच. तेव्हा मागं सरू नका, त्याच्यावरनं उडी मारा. त्याच्या पाठीला पाय लागला तरी गुण."

ह्यांनी ओंजळ तशीच धरली होती, पाणी खाली सांडत होतं.

"तुला कुणी इचारलं न्हवतं," ते म्हणाले.

"म्हणूनच सांगतेय."

ते हसले. त्या दिवसातलं पहिलं हसू. मी कळशी घेऊन परत आले आणि बसले. भावाचं गुपित मी नवऱ्याला सांगितलं होतं. वाईट वाटत होतं का? वाटत होतं. आणि तरी मी पुन्हा सांगितलं असतं.

दुसऱ्या डावात ह्यांची पहिली चढाई. आमची बाजू एकदम गप्प झाली. हे आत शिरले, डावीकडं गेले, वळले. कोपऱ्यात दादानं उजवा हात मांडीला पुसला. मी डोळे मिटणार होते, पण मिटले नाहीत. दादा खाली झेपावला आणि हे उडाले. त्यांचा पाय दादाच्या पाठीवर टेकला आणि पुढच्या क्षणी ते मध्यरेषेच्या अलीकडं होते.

सोनाबाईनं मला मिठीच मारली. का मारली ते तिलाही ठाऊक नसावं.

दादा पुन्हा मैदानात आला तेव्हा तेच पुन्हा झालं. हात पुसला, झेप, उडी, गुण. या वेळी बाहेर जाताना दादा थांबला. पाठीवरची माती झटकत तो सरळ बायकांच्या बाजूला बघायला लागला. माणसांच्या त्या गर्दीत त्यानं मला शोधून काढलं. मी नजर वळवली.

मग मात्र सामना फिरला. दादासारखा गडी बाहेर बसल्यावर बाकीच्यांना आमची पोरं भारी पडायला लागली. एकेक करून त्यांचं अख्खं अंगण रिकामं केलं आणि लोण चढवला, त्याचे दोन गुण वरती मिळाले. मागावर उभी राहून राहून पाय सुजणारी ती पोरं, पण त्या दिवशी वाऱ्यासारखी खेळली. ज्या गावांचा या सामन्याशी काही संबंध नव्हता, त्या गावांची माणसंही आमच्या बाजूला येऊन उभी राहायला लागली. जत्रेतला पेढेवाला दुकान टाकून आला. आमची रीत त्यांना ठाऊक नव्हती, पण आमच्या बायकांचं बघून तेही दम धरायला लागले. अर्धी जत्रा गप्प आणि अर्धी जत्रा हलगी बडवतेय, असला सामना मी पुन्हा पाहिला नाही.

शेवटची चढाई उरली तेव्हा आम्ही एका गुणानं मागं होतो. त्यांचे तीनच गडी मैदानात, त्यांत दादा. एकाला शिवून परत आलं तर बरोबरी. दोघांना शिवलं तर कप शेंडूरवाडीचा. धरलं गेलं तर संपलं. दौलूआण्णांनी पोत्याची दोरी सोडून ठेवली.

हे मध्यरेषेवर वाकले, मातीला हात लावून कपाळाला लावला आणि आत गेले. आत्यांनी माझा हात धरला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. मग सगळ्यांनी श्वास रोखला.

पहिल्या गड्याला ह्यांनी पायाच्या अंगठ्यानं शिवलं. पंचाचा हात वर गेला. बरोबरी झाल्यातच जमा होती, फक्त परत यायचं होतं. हे वळले, आणि दादा कोपरा सोडून पुढं आला. दोघं समोरासमोर. बाजूनं निघून जायला ह्यांना जागा होती, मला इथनं दिसत होती. तेवढ्यात दादानं उजवा हात मांडीला पुसला.

ह्यांच्या चेहऱ्यावर मी तो आनंद बघितला. आता हा खाली येणार, मी वरनं जाणार, दुसरा गुण, कप. ते उडाले.

दादा खाली आलाच नाही. तो उभा राहिला, दोन्ही हात पसरून. हवेतच त्यानं ह्यांना कमरेला धरलं आणि दोघं धाडकन मातीत पडले. हे सरपटले. एका हातानं माती ओरबाडत मध्यरेषेकडं निघाले, दादाला अंगावर घेऊन. दुसरा गडीही येऊन पडला. बोटं रेषेपासून वीतभर लांब राहिली, आणि तिथं त्यांचा दम तुटला. पंचानं शिट्टी मारली.

आमच्या सगळ्यांचा श्वास एकदम सुटला. रडणं नाही, ओरडणं नाही, फक्त तो एक मोठा श्वास. आत्यांनी माझा हात सोडला आणि लुगड्याच्या पदरानं तोंड पुसलं. दौलूआण्णा खाली वाकून पोत्याची दोरी पुन्हा बांधायला लागले, पण त्यांच्या हातांना गाठच बसेना. शेवटी पेढेवाल्यानं ती बांधून दिली.

थोड्या वेळानं दादा आमच्या बाजूला आला. डोक्यापासून पायापर्यंत गुलालानं भरलेला. आधी आत्यांच्या पाया पडला, मग माझ्यासमोर उभा राहिला.

"रागावलीस व्हय, वैजे?"

मी कळशीतलं उरलेलं पाणी मातीत ओतलं.

"कळशी घेऊन तू मैदानात आलीस तवाच मला शंका आली. दोनदा पाठीवर पाय पडल्यावर तर कळलंच. मग म्हटलं, ही तू सांगितलेली खूण शेवटाला कामाला येईल." तो मनापासून हसत होता. कपट त्याच्यात नव्हतंच कधी. "तू न सांगतीस तर मलाच वाईट वाटलं असतं. सासरची झालीस तू."

असं म्हणून त्यानं मूठभर गुलालातला चिमूटभर माझ्या कपाळाला लावला. मी पदर घेतला आणि त्याच्यासमोर कपाळ पुसलं.

"हा गुलाल माझा नाही दादा. पुढच्या वर्षी बघू."

त्याचं हसू गेलं. मान हलवून तो निघून गेला. आमच्या पोरींच्या घोळक्याला एवढं सगळं ऐकू गेलं होतं, आणि ट्रॉली भरेपर्यंत ते सगळ्या वाडीला कळलं.

परतीच्या वाटेत ट्रॉलीत कुणी बोलेना. हे एका कोपऱ्यात बसले होते, कोपरं सोललेली, डोळे खाली. पोतं पुन्हा माझ्याच पायाशी होतं. अर्धी वाट गेल्यावर दौलूआण्णांना राहवलं नाही.

"खूण हिनं सांगितली," ते कुणाकडंही न बघता म्हणाले, "आणि त्याच खुणेनं त्यानं फशिवलं. भैन-भावाचं आधीच ठरलं नसंल कशावरनं?"

मी पोत्यापासून पाय मागं घेतला.

"उडी मी मारली, आण्णा," हे म्हणाले. मान वर न करताच. "बाजूनं परत यायला वाट होती. बरोबरी झाली असती. मला कप दिसला. तिनं काय केलं त्यात?"

दौलूआण्णांना ते पटल्यासारखं दिसलं नाही. मी आत्यांकडं बघितलं. त्या एक शब्द बोलाव्यात, चांगला नाही तर वाईट, एवढंच मला हवं होतं. त्या बाहेर उसाकडं बघत होत्या. घरी आल्यावरही बोलल्या नाहीत. ट्रॉली आमच्या दाराशीच थांबली, म्हणून पोतं आमच्या ओसरीवर टाकून लोक आपापल्या घरी गेले. त्या रात्री मी खूप रडले. रडून झालं तेव्हा मात्र एक गोष्ट डोक्यात पक्की बसली होती, आणि ती माझ्या आधीच कशी ध्यानात आली नाही याचा मलाच राग येत होता.

सकाळी उठले, भाकऱ्या थापल्या, चुलीवरचा तवा उतरवला आणि चपला घालून निघाले.

"कुठं निघालीस?" ओसरीवरनं आत्यांचा आवाज. कालपासूनचा पहिला.

"मैदानावर."

"कशाला?"

"दादानं काल कसं धरलं ते ह्यांना दाखवायला." मी थांबले. आता बोलायचंच म्हणून सगळं बोलले. "हात पुसणं खरं की खोटं, ते ओळखता येतं आत्या. खरी झेप घेताना त्याची टाच आधी उचलते. काल शेवटी हात पुसला तेव्हा टाच जमिनीला होती. मी बघितलं. सगळ्यांनी हात बघितला, मी पाय बघितला. पण सांगून उपयोग नाही, अंगावर घेतल्याशिवाय ते कळत नाही. दादा कसा धरतो ते आख्ख्या वाडीत मलाच माहिती आहे. तेव्हा धरायला मलाच उभं राहिलं पाहिजे."

आत्या माझ्याकडं बघत राहिल्या. वाडीच्या मैदानात तोवर कुठल्या बाईनं पाय ठेवला नव्हता, झाडायला सुद्धा नाही. आता त्या काय म्हणतात म्हणून मी उभी राहिले. त्या उठल्या आणि आत गेल्या.

मी एकटीच मैदानावर गेले. रोज सकाळी पोरांनी भरणारं मैदान, त्या दिवशी एक कुत्रं तेवढं होतं. जुन्या रेघा पुसून गेलेल्या. पायानंच रेघ ओढावी म्हणून मी चप्पल काढली, तर मागनं काहीतरी फरफटल्याचा आवाज आला. आत्या गुलालाचं पोतं ओढत आणत होत्या. मागनं हे येत होते, अजून डोळे सुजलेले, आईला काय झालंय ते न कळून.

"रेघांची पांढरी फक्की संपलीया," आत्या म्हणाल्या आणि पोत्याची दोरी सोडली. मुठीत गुलाल घेतला, कंबरेत वाकल्या आणि मध्यरेषा ओढायला लागल्या. लालभडक, सरळ.

देवळापाशी बसलेले दौलूआण्णा धावत आले. "वैनी, काय करताय हे? गुलाल हाय त्यो. जिंकल्यावर उधळायचा."

"जिंकू तवा दुसरा आणू," आत्या वाकल्या वाकल्याच म्हणाल्या. "तवर हा रेघा माराय तरी उपेगी पडू दे. व्हा बाजूला, रेघंत पाय हाय तुमचा."

दौलूआण्णांनी पाय काढला. मग खाली वाकून दुसऱ्या बाजूनं रेघ ओढायला लागले. माझ्याशी बोलले नाहीत ते, पण रेघ नीट ओढली.

लोक मला अजून विचारतात, मग पुढच्या वर्षी जिंकलात का? नाही. पुढच्या वर्षी हरलो. त्याच्या पुढच्या वर्षी तर फायनललासुद्धा पोचलो नाही. कप कधी आला आणि किती वर्षं राहिला ते देवळाच्या भिंतीवर लिहिलंय, ज्याला हवं त्यानं जाऊन वाचावं. मला आठवते ती ही सकाळ.

रेघा ओढून होईस्तोवर वाडी गोळा झाली होती. पाण्याला निघालेल्या बायका हंडे घेऊन तशाच थांबल्या. इचलकरंजीची पहिली गाडी पकडायला निघालेली पोरं पिशव्या खांद्याला लावून आली. मी ह्यांना टाचेची खूण सांगितली, पदर कमरेला खोचला, ओचा वर घेतला आणि जाऊन कोपऱ्यात उभी राहिले. दादाच्या जागेवर.

हे मध्यरेषेपाशी उभे. "लोक बघत्यात," हळूच म्हणाले.

"बघू द्या की. काल काय कमी बघितलं त्यांनी?"

कुणीतरी फिसकन हसलं. हे वाकले, लाल मातीला हात लावून कपाळाला लावला आणि दम घेऊन आत आले.

सगळं शांत झालं. सवयच ती. आपला गडी चढाईला निघाला की वाडी श्वास रोखणारच. सोनाबाईचे गाल फुगले. दौलूआण्णा छाती फुगवून उभे. आत्या रेघेच्या कडेला, गुलालानं हात लाल झालेले, तोंड घट्ट मिटलेलं.

हे डावीकडं गेले, वळले. मी उजवा हात मांडीला पुसला, टाच जमिनीलाच ठेवून. आणि हा माणूस, आत्ताच सगळं ऐकून आलेला, पुन्हा हाताकडंच बघून उडाला. मी उभीच राहिले आणि त्यांना कमरेला धरलं.

आता बाईमाणसानं एवढा गडी धरायचा म्हणजे काय. मी पडलेच. ते माझ्यासकट मध्यरेषेकडं ओढत निघाले. माझे हात कमरेवरनं घसरून गुडघ्यावर आले, गुडघ्यावरनं घोट्यावर. तोंडात माती, कपाळाला गुलाल. बांगड्या फुटल्याचा आवाज आला. लाल रेघ त्यांच्या बोटांपासून वीतभर राहिली होती, आणि माझी बोटं एकेक करून सुटायला लागली. सगळी वाडी त्यांच्यासाठी दम धरून उभी होती, आणि मला वाटलं, सोडावं आता. माझा नवराच तो, त्यांचाच गडी. मी इथं कुणासाठी धरून ठेवलंय?

तेवढ्यात त्या शांततेत एकच आवाज आला. जिनं आयुष्यात कधी चढाई चालू असताना श्वास सोडला नव्हता, तिचा.

"वैजे, सोडू नगंस."

मी नाही सोडलं.